भुर्र नांदायला गेली

भांबुर्ड्याचा वास आला की आमच्याकडे जानेवारी लागतो. भिंतीवरचं कॅलेंडर काय म्हणतं ते नंतर. हे रानटी झुडूप वर्षभर बांधावर उभं असतं आणि त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. भातकापणी उरकली, मागे राहिलेल्या ओलाव्यावर टाकलेला वाल शेंगांनी लगडला, की याचे लाड सुरू होतात. मडक्याच्या तळाला त्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मधेमधे अंडी आणि बटाटे, ऐपत असेल तर कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-गवऱ्या रचून पेटवून द्यायचं. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. याला आम्ही पोपटी लावणं म्हणतो. रायगडाबाहेरच्या माणसाला हे समजावत बसू नये, सरळ खायला घालावं.

या वर्षी माझा धाकटा भाऊ माणगावहून शेंगांचं पोतं घेऊन आला, आणि त्याच दिवशी पनवेलहून माझी लेक पल्लवी आली. पोतं ओटीवर उतरलं, पल्लवीची बॅग माजघरात गेली. बॅग मोठी होती. दोन दिवसांसाठी आलेल्या पोरीची बॅग मला बघताक्षणी कळते, ही तशी नव्हती. यांनी विचारलं, "रजा आहे का गं?" ती म्हणाली, "बघू बाबा." माझ्या सासूबाईंना आता ऐंशीच्या पुढे कानांनी दगा दिलाय, पण नाक अजून शाबूत आहे. त्या ओटीवरून म्हणाल्या, "रुसून आलीय पोर."

खरंच रुसून आली होती, पण नवऱ्यावर नाही, कंपनीवर. पल्लवी विमानात काम करते. तिची कंपनी स्वस्तातल्या तिकिटांची, नाव 'भुर्र'. म्हणजे परवापरवापर्यंत भुर्र. ती एका बड्या उद्योगाने विकत घेतली, आणि नव्या वर्षापासून तिचं नाव झालं 'ओरिव्हा'. मला तर ते पित्तावरच्या गोळीचं नाव वाटतं. विमानांच्या शेपट्या पूर्वी पिकल्या हापूससारख्या पिवळ्या होत्या, त्यांना आता एकेक करून वांगी रंग देतायत. जुन्या लोकांना ठेवणार, पण एक पायरी खाली. पल्लवी विमानातल्या सगळ्या मुलींची प्रमुख होती. आता पुन्हा दुसरीच्या हाताखाली. या महिन्याअखेरीला हो की नाही सांगायचं. नाही म्हटलं तर उडणं संपलं, कारण तिच्या वयाच्या मुलीला दुसरी कंपनी उभी करत नाही.

"नाहीच म्हणते मी," शेंगा निवडता निवडता ती म्हणाली. "इथे तुझ्या कॉटेजेस बघते. बास झालं."

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आधी उकळ्याच फुटल्या. वाडीतल्या आमच्या तीन कॉटेजेस, त्यात उतरणारे शनिवार-रविवारचे पाहुणे, त्यांचे चहा, त्यांच्या तक्रारी, सगळं मी एकटी निस्तरते. लेक हाताशी आली तर सोनंच. पण शेंगा निवडताना तिचे हात मधेच थांबत होते. आमच्या किहीमवरून विमान गेलं की आवाजाआधी तिची मान वर जायची.

भुर्र सुरू झाली तो मोसमही पोपटीचाच होता. पल्लवी तेव्हा अलिबागच्या कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली. मुलाखतीला वीस-पंचवीस पोरी, बहुतेक मुंबईच्या, इंग्रजी फाडफाड. हिला विचारलं, एखादा प्रवासी चिडला तर काय करशील? ही म्हणाली, आधी बसायला सांगीन आणि पाणी देईन, आमच्या वाडीत पाहुणे चिडले की आई तेच करते. घेतलं की हो तिला! घरी येऊन सांगितलं तेव्हा सासूबाईंनी पहिला प्रश्न केला, "कंपनीचं नाव काय?" पल्लवीने सांगितलं, भुर्र. सासूबाई खो खो हसल्या. "तान्ह्या पोराला फिरायला न्यायचं तर म्हणतात, चल भुर्र जाऊ. असल्या नावाच्या इमानात कोन बसंल गो?"

बसले मात्र सगळे. एसटीच्या भाड्याला थोडी भर घातली की तिकीट निघायचं. बोर्ली पंचतनची आखातात नोकरीला असलेली माणसं भुर्रने ईदला घरी यायला लागली. माणगावच्या बाजारातला भांड्यांचा दुकानदार माल बघायला भुर्रने जाऊ लागला आणि गल्ल्यावर बसून तीच गोष्ट रोज सांगू लागला. विमानात खायला फुकट काही नाही, पांघरायला काही नाही, पाय लांब करायला जागा नाही. सुरुवातीला विमानं तरी किती, बोटावर मोजण्याइतकी. कंपनीची माणसं स्वतःच म्हणायची, आपल्याकडे द्यायला काही नाही, तर निदान माणसाला नाव घेऊन बोलावू. म्हणून दारात उभी असलेली मुलगी हातातल्या पासावरचं नाव वाचायची आणि म्हणायची, "नमस्कार अमुकराव, या." बाई असली तर "नमस्कार अमुकबाई, या." इतकंच. हे एवढंसं 'या' त्या कंपनीचं भांडवल होतं. पाहुण्याला नावाने आत बोलवायचं, मग पुढे चटणी-भाकरी का असेना, ही आमच्या वाडीचीच रीत.

त्याच मोसमाच्या शेवटाला, फेब्रुवारीत, मी आणि सासूबाई भुर्रने गोव्याला गेलो. आता किहीमहून गोव्याला जायचं तर माणूस दक्षिणेकडे तोंड करतो. आम्ही उत्तरेकडे तोंड करून बोटीने मुंबईला गेलो, विमानतळ गाठला, आणि कशासाठी, तर स्वतःच्याच घरावरून उडत जायला. गोव्याचं कोणाला पडलं होतं? सासूबाईंना वरून आपली वाडी बघायची होती. पल्लवीने बजावून ठेवलं होतं, डावीकडची खिडकी, किनारा त्या बाजूला दिसतो. यांनी आणखी एक शक्कल लढवली. विमान निघायच्या सुमारास वाडीमागच्या शेतात पेंढ्याचा मोठा जाळ करायचा, म्हणजे आईला वरून धूर दिसेल.

त्या दिवशी विमानाच्या दारात पल्लवी उभी होती. पिवळा कुर्ता, केसांचा अंबाडा, ओठांवर लाली. सासूबाईंचा पास हातात घेऊन तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मागे तिच्या वरच्या मॅडम उभ्या होत्या, नोकरी नवी होती, नियम तो नियम. ती म्हणाली, "नमस्कार पार्वतीबाई, या."

सासूबाई दारातच थबकल्या. नातीने नाव घेऊन हाक मारलेली! गावात त्यांना नावाने हाक मारणारं उरलं होतं कोण? कोणासाठी प्रकाशची आई, कोणासाठी काकी. जागेवर बसल्यावर पट्टा लावून दिला तेव्हा त्या पुटपुटल्या, "पार्वतीबाई म्हनली ना, तवा वाटलं मागून कोन दुसरीच बाई येतीय." मी हसले. त्याही हसल्या. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं हे मला खूप उशिरा कळलं.

विमानाने समुद्रावर जाऊन वळण घेतलं आणि खाली किनारा आला. सासूबाईंनी काचेला नाक लावलं. धूर दिसला! "त्ये बघ, परकासनं पेटवलं. त्ये बघ आपलं घर." मग थोडं पुढे आणखी एक धूर. "न्हाय न्हाय, ह्ये आपलं." मग तिसरा, मग पाचवा, मग धुरांची रांगच. झालं होतं असं, की फेब्रुवारीत आमच्याकडे राब भाजतात. भाताची रोपं टाकायच्या जागेवर पाला-पाचोळा जाळून जमीन तयार करायची, सबंध जिल्हा एकाच वेळी धुमसत असतो. वर्षानुवर्षं स्वतः राब भाजणाऱ्या आम्हा तिघांपैकी एकाच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. सासूबाईंनी प्रत्येक धुराला आपलं घर म्हटलं आणि प्रत्येकाला हात जोडले. अलिबागपासून पार मुरुडपर्यंत त्या दिवशी सगळी आमचीच घरं होती. इकडे यांचा जाळ इतका भडकला की शेजारी बादल्या घेऊन धावत आले.

पुढे त्यांना भूक लागली. पिशवीतून स्टीलचा डबा निघाला. सकाळी लावलेली पोपटी मडक्यातून काढून त्यांनी डब्यात दाबून भरली होती, मला पत्ता नव्हता. झाकण उघडलं आणि भांबुर्ड्याचा, ओव्याचा, भाजल्या शेंगांचा वास त्या बंद विमानात मागच्या रांगेपर्यंत गेला. माणसं माना वर करून बघायला लागली. सासूबाईंना वाटलं, मागतायत. त्या उठून वाटायला लागल्या! "घ्या हो, खावा. सोलून खावा. तुमी कुठलं?" ज्या विमानात चहासुद्धा विकत, तिथे फुकट पोपटी. पल्लवीचा चेहरा पांढराफटक. मॅडम पुढून चालत आल्या. मी मनातल्या मनात कुलदैवताला नारळ बोलले. मॅडमनी डब्यात पाहिलं, एक शेंग उचलली, सोलून दाणे तोंडात टाकले, चावत जरा वेळ उभ्या राहिल्या. मग पल्लवीला म्हणाल्या, "सालं खाली पडतायत. सगळ्यांना पिशव्या दे." समोरच्या खिशात उलटीसाठी ठेवलेल्या कागदी पिशव्या निघाल्या, आणि गोव्याला उतरेपर्यंत त्या शेंगांच्या सालांनी भरल्या.

त्या कंपनीवर माझा जीव जडला तो तेव्हा. लोक हसतात, कंपनीवर कसला जीव? पण जडला.

पुढे भुर्र वाढली. पक्षी बघायला आलेल्या एका पाहुण्याची दुर्बीण कॉटेजमध्ये राहून गेली होती, कळवल्यावर ते म्हणाले, राहू द्या तुम्हालाच. लोक तिच्यातून पक्षी बघतात, मी विमानाच्या शेपट्या बघायचे. संध्याकाळी सुरूच्या बनात उभं राहिलं की पिवळी शेपूट एखादी दिसायची, मग दोन दिसायला लागल्या, मग ओळीने. पल्लवी विमानातल्या मुलींची प्रमुख झाली, पनवेलला तिने घर घेतलं, लग्न केलं. लग्नात नाव बदलायला तिने साफ नकार दिला आणि तिच्या सासरच्यांनीही आग्रह धरला नाही. पण किहीममध्ये तिचं नाव आधीच बदललेलं होतं. सगळा गाव तिला 'भुर्रवाली' म्हणतो. अगदी मासे विकणारीसुद्धा, "भुर्रवालीची आय, पापलेट हायती ताजी."

मग कधीतरी सूर बिघडला. इंधन महागलं, विमानं नुसती उभी राहायला लागली, पगार पुढेमागे व्हायला लागले. तशाच स्वस्तातल्या एक-दोन कंपन्या बंद पडल्या, त्यांच्या मुली पल्लवीला फोन करून रडायच्या. भुर्र बंद पडली नाही. तिला मोठ्या घरातून मागणी आली. ही बातमी पल्लवीने सांगितली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "म्हंजी लगीनच झालं की तिचं. बरं झालं, मोठ्या घरात पडली. नाव बदलनारच, त्यात काय?"

त्यात काय! मला माझ्या लग्नातलं ताट आठवलं. पितळी ताटात तांदूळ पसरलेले. आमच्या माणगावकडच्या शेतातलेच तांदूळ असतील, आहेराबरोबर आलेले. यांच्या हातात अंगठी दिली आणि त्यांनी त्या तांदळात कोरून नाव लिहिलं, ज्योती. प्रकाशची ज्योती, असा सासूबाईंचा साधा हिशेब. बाया म्हणाल्या, किती शोभतं. ताट हललं, तांदूळ सरकले, ते अक्षरसुद्धा धड राहिलं नाही, पण नाव माझ्यावर कायमचं बसलं. त्याआधी मी हिरा होते. माझी आई गेल्यावर मला हिरा म्हणणारं कोणी उरलं नाही. भाऊ धाकटा, तो ताईच म्हणतो. रेशनकार्डावर ज्योती, मतदार यादीत ज्योती, पाहुण्यांसाठी ज्योतीताई. हिराचं काय झालं, हे मला कोणी विचारलं नाही. मीही कोणाला सांगितलं नाही.

या वर्षीची पोपटी आम्ही सूर्य बुडायच्या वेळेला लावली. यांनी गवऱ्या रचल्या, पल्लवीने पेटवलं. जाळ बसला तसं तिने मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं आणि पाणी लगेच उडून गेलं, म्हणजे शिजली. मडकं काढून पेपरावर ओतलं, भोवती आम्ही चौघं; भाऊ गावात कोणाला तरी भेटायला गेला होता. वाफेत कोणाचे चेहरे दिसत नव्हते. वरून एक विमान गेलं. पल्लवीने मान वर केली आणि लगेच खाली घातली.

"वांगी," ती म्हणाली. "आपलंच होतं."

मग बांध फुटल्यासारखी बोलायला लागली. "ते म्हणतात, दारात नाव वाचायचं नाही, टाइम जातो. फक्त वेलकम म्हणायचं. आई, मी बारा गावची माणसं नाव घेऊन आत बोलावली गं. आता मला सांगतात, तुझं 'या' सोड. पायरी खाली गेली त्याचं एवढं नाही. पण तिथे गेले तर मी कोण? भुर्र म्हटलं की मी होते."

यांनी शेंग सोलून तिच्या हातावर ठेवली. माणूस बोलण्यात कमी, सोलण्यात हुशार.

"आई," तिने मला विचारलं, "तुझं नाव बदललं, तेव्हा तू काय केलंस?"

मी सासूबाईंकडे पाहिलं नाही. म्हटलं, "पहिलं वर्षभर कोणी ज्योती म्हणून हाक मारली की मी मागे वळून बघायचे, कोणाला बोलावतायत म्हणून. फार लागलं होतं. रात्री उशीत तोंड घालून मीच मला हाक मारायचे. पण नाव तांदळात होतं गं, हात माझेच होते. वालाच्या शेंगा माझ्या माहेरच्या, पोपटीत मीठ माझ्या आईच्या हातासारखं, पाहुण्याला आधी पाणी द्यायचं तेही तिचंच. ते कोणी पुसायला आलं नाही. तू नोकरी सोडायची तर सोड, मला हवीच आहेस इथे. पण नावासाठी सोडू नकोस. तुझं ते 'या' कंपनीने दिलं होतं का तुला?"

 सासूबाईंना ऐकू आलं असेल असं मला वाटलं नव्हतं. त्या हातातली शेंग नुसती धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुला लागलं व्हतं का गो? कंदी बोलली न्हाईस."

"तुम्ही विचारलं नाहीत, आई."

"मला बी कुनी इचारलं न्हाय." शेंग त्यांनी खाली ठेवली. "माजं नाव कृष्णी. ह्या घरात कुनाला ठावं न्हाय."

हे ताठ बसले. सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला आपल्या आईचं नाव त्या संध्याकाळी कळलं. मला विमानातली ती पुटपुट आठवली, मागून कोण दुसरीच बाई येतीय. त्यांनी मला ज्योती केलं होतं, कारण त्यांना कोणीतरी पार्वती केलं होतं, आणि त्यात काय, असं त्यांनाही कोणीतरी म्हटलं असेल. माझा राग कुठे गेला कळलं नाही. होता, हे मात्र कळलं.

पल्लवी उठली. कपड्यांवरची राख झटकली, पाय जुळवले, हात जोडले. अगदी विमानाच्या दारात उभी राहते तशी.

"नमस्कार कृष्णीबाई, या."

सासूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. मग ती माझ्याकडे वळली.

"नमस्कार हिराबाई, या."

मी हात जोडले. आत कुठे जायचं होतं, सगळी उघड्यावरच बसलो होतो. पण गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पल्लवीने पनवेलला जायची तयारी केली. कंपनीला हो कळवलं होतं. वांगी गणवेशाला शोभेल अशी लाली कोणती, याची मैत्रिणीशी फोनवर चर्चा चालली होती. नाव पुढे घेऊ देतात की नाही ते बघू म्हणाली, नाहीच दिलं तर मनात घेऊन 'या' म्हणेन, त्याला कुठे टाइम लागतो. भाऊ तिला पनवेलला सोडून पुढे माणगावला जाणार होता, त्याची गाडी अंगणात सुरू झाली. मी बॅग ठेवली, पाण्याची बाटली दिली, काच वर घे म्हटलं, धूळ येईल.

गाडी वळली, तेवढ्यात ओटीवरून सासूबाई ओरडल्या, "गो हिरा, पोरीला शेंगा दिल्यास का?"

आणि मी मागे वळून पाहिलं, कोणाला हाक मारतायत म्हणून.